आधी सुंगट, मग चोणक : प्रस्तावना

खासबागेतल्या माणसाने खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीवर पुस्तक लिहावं, ही गोष्ट इथे कुणाला सहज पटणारी नाही. शहापूर, वडगाव, खासबाग हा बेळगावचा विणकरांचा पट्टा. इथल्या माणसाला सुताची पारख असते, मागाच्या आवाजावरून तो कुठे अडला ते समजतं. समुद्र मात्र शंभर किलोमीटरहून लांब, आणि मध्ये सह्याद्री. आपला समुद्राशी संबंध बाजारापुरता. गोवा, कारवार, मालवणहून आलेले बांगडे, तारले, मुडदुशा यांचे कल्ले उचलून बघायचे, डोळे बघायचे, दोन रुपये कमी करून घ्यायचे, संपलं.

तरीही हे पुस्तक घाटावरच्या वाचकासाठीच आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला त्याची गरज नाही. त्याचं पुस्तक त्याच्या आज्याने त्याला होडीतच शिकवलेलं असतं. गरज आहे ती शनिवारी रात्री गाडीत रॉड टाकून चोर्ला किंवा आंबोली घाट उतरणाऱ्या तरुणांना. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर इथून असे गट हल्ली बरेच निघतात. त्यांच्याकडे उत्तम रॉड असतो, रीळ असतं, पेटीत रंगीबेरंगी नकली मासे असतात. नसते ती पाण्याची समज, कारण ते गळ टाकायला शिकलेले असतात ते हिडकलच्या धरणावर, वेदगंगा-दूधगंगेच्या डोहांवर किंवा गावच्या तळ्यावर. तिथे कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावायचं आणि बसायचं. तळ्यातलं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. मासा येईल तेव्हा येईल. धीर हाच तिथला सगळ्यात मोठा गुण.

खाडीत हा गुण अर्धाच उपयोगी पडतो. ज्या वाळूवर तुम्ही आता गुडघाभर पाण्यात उभे आहात, तिथे तीन तासांनी कोरडी जमीन असेल नाहीतर गळ्याएवढं पाणी. मासे त्या पाण्याबरोबर येतात आणि त्याच्याबरोबर जातात. तिथे बसून राहणारा माणूस बहुतेक वेळा मासे नसलेल्या जागी बसून राहतो. या पुस्तकाचं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: उथळ खाऱ्या पाण्यात मोठा मासा शोधू नका, त्याचं खाणं शोधा. ते जिवंत पकडता आलं, जिवंत ठेवता आलं आणि जिवंतच परत पाण्यात सोडता आलं, तर मोठ्या माशाची गाठ पडायला फार काळ लागत नाही.

आपला आणि त्या पाण्याचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. बेळगावहून चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबी लागते. इथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला जाऊन मिळते. त्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात देगावजवळ म्हादई उगम पावते, पण ती पश्चिमेला वळते, घाट उतरते आणि गोव्यात मांडवी होते. एकाच तालुक्यावर पडलेल्या पावसाचा एक वाटा बंगालच्या उपसागराकडे आणि दुसरा अरबी समुद्राकडे जातो. म्हादईच्या पाण्यावरून तीन राज्यांत किती वर्षं भांडण चाललं आहे ते सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको. जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला, त्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी आलं, आणि वाद त्यानंतरही मिटला नाही. त्या भांडणात कोण बरोबर हे ठरवणं या पुस्तकाचं काम नाही. पण गोडं पाणी खाऱ्याला कुठवर मागे रेटतं यावर खाडीतल्या प्रत्येक जीवाचं वेळापत्रक ठरतं, एवढं तिथे गळ टाकणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं. पावसाळ्यात मांडवीचा वरचा भाग जवळजवळ गोडा होतो. नोव्हेंबरनंतर वरून येणारं पाणी आटत जातं आणि खारं पाणी वर सरकू लागतं. भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. म्हणजे समुद्र आपल्या समजुतीपेक्षा घाटाच्या बराच जवळ येऊन गेलेला असतो.

आता उथळ पट्ट्याविषयी. नद्यांची मुखं आणि खाड्या यांच्या कडेला गुडघाभर ते छातीभर पाण्याचे मोठे पट्टे असतात. काही चिखलाचे, काही वाळूचे, काहींवर कालवांनी भरलेले खडक, काहींच्या कडेला तिवर आणि कांदळ यांची दाट रांग. सिंधुदुर्गात देवबाग-तारकर्लीकडे कर्ली नदीच्या मुखाशी, गड नदीच्या कालावल खाडीत, तेरेखोलच्या दोन्ही काठांना ते दिसतात. गोव्यात मांडवी आणि जुवारी यांच्या खाड्या अशा पट्ट्यांनी भरल्या आहेत. फोंड्याकडून पणजीत शिरताना रायबंदरचा जो लांबलचक बांधरस्ता लागतो, १६३३-३४ च्या सुमाराचा, त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरं, खारफुटी आणि उथळ पाणी पसरलेलं आहे. दक्षिणेला कारवारची काळी नदी, आणि कुमठ्याची अघनाशिनी, जिच्यावर एकही मोठं धरण नाही आणि जिच्या चिखलात तिसऱ्यांचं अमाप पीक येतं.

समुद्राच्या मानाने हे पट्टे किरकोळ दिसतात, पण खाणं इथेच तयार होतं. ऊन तळापर्यंत पोचतं. खारफुटीची पानं गळतात, कुजतात, त्यावर बारीक जीव वाढतात, त्यांच्यावर किडे, सुंगटं, खेकड्यांची पिल्लं, बारीक मासळी. सुंगटाचं (म्हणजे कोळंबीचं) उदाहरण घ्या. मोठी सुंगटं समुद्रात अंडी घालतात. त्यांची डोळ्यांना जेमतेम दिसणारी पोरं भरतीबरोबर खाडीत शिरतात, काही महिने या उथळ पाण्यात खाऊन-पिऊन वाढतात आणि मग पुन्हा समुद्राची वाट धरतात. त्या काही महिन्यांत या पट्ट्यावर जेवायला कोण कोण येतं, हेच आपल्याला जाणून घ्यायचं आहे.

गोव्यातल्या लोकांनी ही गोष्ट शेकडो वर्षांपूर्वी ओळखली आणि तिच्यावर एक सबंध व्यवस्था उभारली. खाडीकाठची खारी जमीन बांध घालून वेगळी केली, बांधात लाकडी दारांची मानस बसवली. भरतीच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आपोआप उघडतात. पावसाळ्यात खारेपणा धुऊन गेला की आत कोरगूटसारखा खाऱ्या जमिनीत तग धरणारा भात. बाकीच्या दिवसांत मासळी आणि कुठे कुठे मीठ. या जमिनींना खाजन म्हणतात. अघनाशिनीच्या काठच्या गजनी शेतांत कग्गा भात आणि मासळी यांची अशीच जोडी आहे. ओहोटीला मानशीचं दार उघडलं की आतलं पाणी सुंगटांसकट बाहेर धावतं, आणि मोठे मासे बाहेरच्या खोलगट जागेत वाट बघत असतात. उथळ पाण्यातल्या मासेमारीचं सबंध शास्त्र या एका दारापाशी उभं राहून शिकता येईल. पण तिथे गळ टाकता येईलच असं नाही. मानशीच्या मासळीचा हक्क कोमुनिदाद (गावाची जुनी सामायिक जमीनसंस्था) किंवा कुळांच्या संघटना लिलावाने देतात, आणि ज्याने तो घेतला त्याच्या परवानगीशिवाय तिथे हात घालायचा नसतो.

मग भरती-ओहोटी. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण; अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. कोकणात वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. हा हिशेब ढोबळ आहे. खाडीत जसजसं आत जावं तसतशी भरती उशिरा पोचते, आणि वारा, पाऊस, नदीचं पाणी यांनी वेळ मागेपुढे होते. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरती-ओहोटीचे तक्ते छापतो, त्यात मुरगाव बंदराच्या वेळा असतात. तरीही पाऊणकी तोंडी येत असली की फोनची बॅटरी संपल्यावर माणूस आंधळा होत नाही.

वेळ कळली म्हणजे निम्मं काम झालं. उथळ पट्ट्यावर भरतीच्या पहिल्या दोन तासांत पाणी जसं पुढे सरकतं तशी बारीक मासळी त्याच्या काठाने पुढे जाते आणि मोठा मासा तिच्या मागून. भरती पूर्ण झाली, पाणी थांबलं, की सगळं पांगतं. ओहोटी लागली की बारीक मासळीला पट्टा सोडून खोल ओढ्याकडे यावंच लागतं, आणि त्या ओढ्यांच्या तोंडाशी पुन्हा जेवण मांडलेलं असतं. मागावर धोटा जागचा हलला नाही तर कापड बोटभरही वाढत नाही. खाडीतलं थांबलेलं पाणी तसंच समजा.

या पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग जिवंत आमिषावर आहे, आणि काही वाचकांना तो कंटाळवाणा वाटेल याची मला कल्पना आहे. रॉड-रिळाची चर्चा सगळ्यांना आवडते, बादलीची कुणालाच नाही. पण बहुतेक दिवस वाया जातात ते बादलीपाशीच.

आमिष पकडायचं ते त्याच पाण्यातून. पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, हे त्याचं खरं हत्यार. कमरेतून वळून पाग फेकला की तो हवेत गोल उघडला पाहिजे; उघडला नाही तर तो फक्त पाण्यात पडलेला दोरा. घराच्या अंगणात, सुक्या जमिनीवर महिनाभर सराव केल्याशिवाय पाग घेऊन खाडीवर जाऊ नये. पागात काय येतं ते नीट बघा, कारण पहिला पाग ही खाडीने दिलेली पहिली बातमी असते. सुंगटं आली, तर मोठे मासे सुंगटांवर आहेत असं धरून चला. बोटभर शेवटे मासे आले, तर त्यांच्यावर. ज्या दिवशी पागात काहीच येत नाही, त्या दिवशी जागा बदला. जिथे खाणं नाही तिथे खाणाराही नाही. तयार आमिष विकत घेऊन थेट गळाला लावणाऱ्याला पागाची ही बातमी कधी मिळत नाही, आणि त्याचा पुढचा सगळा दिवस अंदाजावर जातो.

पकडलेलं आमिष जिवंत ठेवणं ही पुढची परीक्षा. पाणी त्याच जागचं, नळाचं कधीच नाही. त्यातलं क्लोरीन सुंगटांचा जीव घेतं, आणि पाण्याचा खारेपणा एकदम बदलला तरी ती मरतात. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी, म्हणून बादली सावलीत, वरून ओलं कापड, आत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. गर्दी करू नका. बादलीत मोजकी सुंगटं ठेवली तर ती दुपारपर्यंत टिकतात, भरमसाट ठेवली तर तासाभरात पोटं वर. मेलेलं सुंगट लगेच काढून टाकायचं, नाहीतर ते बाकीच्यांना घेऊन जातं. थोडं थोडं पाणी बदलत राहायचं. हाताला तेल, उन्हासाठी लावलेलं मलम, डासांचं औषध असलं तर बादलीत हात घालण्याआधी ते धुऊन टाकायचं.

गळाला लावताना एकच नियम: लावल्यावर ते पोहलं पाहिजे. सुंगटाच्या डोक्यात एक काळसर ठिपका दिसतो. त्याला धक्का न लावता, पुढच्या काटेरी शिंगाच्या मुळाशी गळाचं टोक आडवं घातलं तर सुंगट बराच वेळ जगतं आणि उड्या मारत राहतं. शेपटीकडून लावलं तर लांब फेकताना सुटत नाही. लहान मासा वाहत्या पाण्यात ओठातून लावायचा, थांबल्या पाण्यात पाठीच्या परापुढे, कण्याच्या वर. गळ आमिषाच्या मानाचा हवा. जाड गळाखाली लहान सुंगट ओझं वाहून मरतं. शिसं शक्य तितकं कमी, आणि पाणी फार उथळ असेल तर अजिबात नको. वर्तुळाकार गळ वापरला तर झटका मारू नका. मासा वळून जाऊ लागला की तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) नुसतं ताणत न्या, गळ त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. तळ्यावर शिकलेला माणूस इथे सवयीने झटका मारतो आणि मासा जातो. ज्याला सोडून द्यायचं आहे त्या माशासाठीही हाच गळ बरा, कारण तो पोटात जात नाही.

आता येणाऱ्यांची ओळख. या किनाऱ्यावर गळवाल्यांचा राजा चोणक. रायगडकडे त्यालाच जिताडा म्हणतात आणि पेण-अलिबागकडे त्याच्यासाठी तळी राखलेली असतात. हा मासा गोड्या, मचूळ आणि खाऱ्या अशा तिन्ही पाण्यांत वावरतो. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी त्याची वीण होते आणि पिल्लं भरलेल्या ओढ्यांत, खारफुटीत, खाजनांच्या कडेला शिरतात. त्याची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की तो बहुतेक वेळा नर म्हणून प्रौढ होतो आणि वय वाढलं की मादी होतो. म्हणजे तुम्ही पकडलेला सगळ्यात मोठा चोणक, ज्याच्याबरोबर तुम्हाला फोटो काढायचा आहे, ती बहुधा मादी असते, आणि तिच्या पोटात पुढच्या वर्षांची खाडी असते. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामुंडी नावाने प्रसिद्ध आहे. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरहून लहान चोणक ठेवता येत नाही, आणि १२० सेंटिमीटरहून मोठाही ठेवता येत नाही. लहान सोडा हे आपल्याकडेही सांगितलं जातं. मोठाही सोडा हे आपल्याला अजून शिकायचं आहे. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, म्हणून पुढे जाड तंगुसाचा हात-दीड हात तुकडा बांधावा आणि माशाला कल्ल्यात बोटं घालून उचलू नये.

दुसरी तांबोशी. लहानपणी कांदळाच्या मुळांत आणि खडकांच्या बिळांत राहते, मोठी झाली की बाहेरच्या खोल खडकांकडे जाते. आमिष घेतल्यावर ती एकाच दिशेने पळते, घराकडे, आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत तिला वळवलं नाही तर तंगूस मुळांत गुंतून तुटतं. गोबरोही तसाच बिळात घुसणारा. रावस उघड्या वाळूच्या पट्ट्यांवर, लाटांच्या फेसाजवळ, थोड्या गढूळ पाण्यात फिरतो. पालू हुशार, आमिषाची नुसती शेपटी खाऊन जातो. मुडदुशी वाळूवर तळाशी हिंडते आणि तिला लहान गळ, लहान आमिष लागतं. शेवटे आणि काळुंदर यांच्यासाठी जिवंत सुंगट फुकट घालवू नका. त्यांचा ओढा तळाचा गाळ आणि शेवाळ यांच्याकडे. उलट शेवट्याचं पोर हेच चोणकाचं आवडतं खाणं. प्रत्येक माशावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे.

खाडीवर आपण पाहुणे असतो. हे पाणी गोव्यात खारवी आणि पागी, सिंधुदुर्गात गाबीत, कारवारकडे हरिकंत्र, खारवी, गाबीत अशा समाजांच्या पोटापाण्याचं आहे. ओहोटीला चिखलात वाकून तिसऱ्या आणि खुबे गोळा करणाऱ्या बायकांना त्या पट्ट्याची वीत न् वीत माहीत असते. चिखल कुठे धरतो आणि कुठे धरत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. किनाऱ्यालगतचं पाणी आपलं राहावं म्हणून गोव्यातल्या रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांनी, १९७० च्या दशकात, माथानी साल्ढाणांसारख्यांच्या पुढारीपणाखाली, ट्रॉलरविरुद्ध मोठा लढा दिला. गोव्याचा १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा त्या लढ्याच्या पाठीवर आला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. आपण ज्या उथळ पाण्यात हौसेने उभे राहतो ते कुणीतरी भांडून राखलेलं आहे. म्हणून कुणाच्या जाळ्यावरून तंगूस टाकायचं नाही, डोल जाळ्याच्या खुंटांना होडी बांधायची नाही, आणि कुणी म्हातारा काठावरून ‘थंय नाका रे’ म्हणाला तर वाद न घालता जागा सोडायची. होडी हवी असेल तर गावातल्याचीच भाड्याने घ्या. त्याच्याकडून एका सकाळी जे समजेल ते या पुस्तकाच्या दहा पानांतही नसेल.

कायद्याच्या आणि धोक्याच्या काही गोष्टी इथेच सांगून ठेवतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. गळवाला त्या बंदीत येत नाही असं म्हणून पावसाळ्यात मुखाशी उभं राहणं शहाणपणाचं नाही. पाणी धोक्याचं असतं आणि चोणकाच्या विणीचा काळही हाच. चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आणि १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य यांच्या हद्दी आधी समजून घ्या. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, खाऱ्या-मचूळ पाण्यातल्या. तिथे पाण्यात उतरून गळ टाकायचा नाही. दुर्भाटसारख्या गावांत मातीची मगर करून तिची पूजा करण्याची, मानगे थापणीची, रीत आहे, ती उगीच पडलेली नाही. वाळूच्या पट्ट्यावर चालताना पाय उचलून टाकू नका, सरपटत न्या, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट आधीच निघून जातं. त्याच्या शेपटीचा काटा लागला की दवाखानाच गाठावा लागतो. शिंगाळ्याचे काटेही तसेच. कालवांच्या खडकांवर अनवाणी पाय ठेवायचा नाही. आणि चिखल गुडघ्यापर्यंत धरू लागला की पुढे नाही, मागे.

ज्या पट्ट्यांविषयी एवढं सांगितलं ते आक्रसत आहेत. नदीतली वाळू उपसली जाते, खारफुटीवर भराव पडतो, दुर्लक्षित बांध फुटून खाजनं बुडतात. हौशी गळवाल्याचा वाटा यात लहान आहे, पण तो आहे. एका पागात शे-दोनशे सुंगटं आली तर वीस ठेवा, बाकीची तिथल्या तिथे, अजून उड्या मारत असताना, पाण्यात सोडा. तुटलेलं तंगूस खिशात घालून घरी आणा. कांदळाच्या मुळांत अडकलेलं ते वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायांत, खेकड्यांच्या नांग्यांत गुंतत राहतं. आमिष हेच ज्याचं सगळं भांडवल, त्याने आमिषाची जागा राखली नाही तर त्याच्याइतका मूर्ख व्यापारी नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिला भाग पाण्याचा, दुसरा आमिषाचा, तिसरा माशांचा, आणि रॉड, रीळ, गाठी, गळ यांचा भाग शेवटी. तो शेवटी का, असं विचारणाऱ्याला माझं उत्तर वर आलंच आहे. सूत पारखणाऱ्या घरांतल्या वाचकाला तंगुसाची जाडी आणि ताकद समजायला मी लागणार नाही. पाण्याचं मात्र नव्याने समजून घ्यावं लागेल. नकली माशांविषयी इथे फारसं नाही. ते वाईट असतात म्हणून नव्हे; नकली मासा पाण्यात कसा हलवायचा हे जिवंत मासा कसा हलतो ते पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून. जागांचे नकाशेही मुद्दाम दिलेले नाहीत. छापलेली जागा दोन हंगामांत संपते.

शेवटची एक सूचना. पहिल्या खेपेला गळ घरी ठेवा. उधाणाची तिथी बघून जा आणि पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी, स्थानिक माणसाला बरोबर घेऊन पट्ट्यावर उतरा. पाणी नसतानाच त्या जमिनीचा आकार दिसतो: ओढे कुठून वळतात, खोलगट जागा कुठे आहेत, खेकड्यांची बिळं कुठे दाट आहेत, उरलेल्या डबक्यांत सुंगटं कुठे उडतात. वहीत काढून घ्या. मग भरती लागली की काठावर बसून बघा, पाणी आधी कुठे शिरतं आणि बारीक मासळी कुठल्या वाटेने येते. ही वही भरली की पुढची पानं वाचा. न भरता वाचली तर ती बाजारातल्या मासळीइतकीच कामाची, दिसायला बरी आणि मेलेली.

खासबाग, बेळगाव